इंजिनाची चमक

वाचकहो, दसरा आठ दिवसांवर आला की आमच्या माढ्याच्या शिवारात एक वास सुटतो. झेंडूचा तर असतोच, पण त्याच्या जोडीला डिझेलचा. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तो ट्रॅक्टर बाहेर काढतो, ज्याच्या दारात मोटार आहे तो मोटार. बॉनेट उघडायचं, डब्यात डिझेल ओतायचं आणि ब्रश घेऊन इंजिन घासायला बसायचं. खंडेनवमीला विळा, कोयता, कुळव, पाभर सगळं घासूनपुसून पूजेला मांडायचं, मग इंजिनानंच काय पाप केलंय? धुऊन झालं की वरून ऑइलचा बोळा फिरवायचा. इंजिन असं चमकतं की त्यात तोंड बघून घ्यावं.

मीही असाच चमकवत होतो. त्या चमकेपायी आमच्या घरावर काय वेळ आली, ते आज तुम्हाला सांगणार आहे. सांगायला लाज वाटते, पण तुमच्याही दारात गाडी असेल आणि तुमच्याही हातात तोच बोळा असेल, म्हणून सांगतो.

आमच्या घरी चारचाकी आली ती २०१७ साली. जुनीच घेतली, डिझेलवरची. थोरल्याचं म्हणणं, "आबा, घरात म्हातारी माणसं आहेत, उसाचं बिल हातात आहे, एक गाडी दारात असू द्या." मला मोटार चालवता येत नाही, पण पुसायचं काम मी मागून घेतलं. त्या दसऱ्याला बॉनेट उघडलं तर आत काळ्या मातीचा थरच्या थर. अर्धा डबा डिझेल घेतलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं कानाकोपरा काढला, फडक्यानं पुसलं आणि वरून नव्या ऑइलचा हात दिला. रबराचे पाइप तर मी लाडानं चोळले. धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारखे ते काळेभोर, तुकतुकीत दिसायला लागले. शेजारीपाजारी बघून गेले. मला हुरूप आला. पाडव्याला पुन्हा, २०१८ च्या दसऱ्याला पुन्हा, २०१९ च्या पाडव्याला पुन्हा. मधेच कुठं धूळ दिसली की ऑइलची चिंधी फिरवायची, हा तर माझा नेमच झाला.

२०१९ चा वैशाख. सूनबाईचे दिवस भरले होते, नाव बार्शीच्या दवाखान्यात घातलेलं. दुपारी दोनच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. थोरल्यानं गाडी काढली, मागं सूनबाई आणि आमच्या मंडळी, पुढं मी. माढ्याहून बार्शीला जायचं तर वाटेत सीना लागते. पूल ओलांडून जरा पुढं गेलो असू, तोच पुढून फट्ट असा आवाज झाला आणि बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली. थोरल्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, घाईघाईनं बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला निघाला. मी ओरडलो म्हणून थांबला. वाचकहो, एवढं घरातल्या पोरांना सांगून ठेवा. इंजिन तापलेलं असताना आतलं पाणी दाबाखाली उकळत असतं. पाइप कुठं फुटलाय आणि दाब कुठं शिल्लक आहे, हे वरून कळत नाही. झाकण फिरवलं की तो फवारा थेट तोंडावर येतो. इंजिन बंद करायचं, लांब उभं राहायचं आणि पाऊण तास तरी झाकणाला शिवायचं नाही.

पण आमच्याकडं पाऊण तास कुठं होता? बाभळीची सावली ती केवढी! मंडळींनी चादरीचा आडोसा धरला. सूनबाई ओठ चावून गप्प बसलेली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. १०८ ला फोन लावला, गाडी निघाली असं सांगितलं. तेवढ्यात दुधाचे कॅन परत नेणारा एक टेम्पो आला. त्या भल्या माणसानं काही न विचारता हौद्यातले कॅन एका बाजूला सारले, सूनबाईला पुढं बसवलं आणि आम्हाला बार्शीत पोचवलं. रात्री आठला नात झाली. दोघी सुखरूप. टेम्पोवाल्यानं भाडं घेतलं नाही. "पेढे ठेवा माझ्या वाटणीचे," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून कुर्डुवाडीला नेली. आमचा फिटर जुना माणूस. त्यानं फुटलेला होज पाइप काढून माझ्या हातात दिला. क्लिपजवळचा भाग बोटानं दाबला तर आत गेला, पिकलेल्या केळ्यासारखा. फाट तिथूनच गेली होती. त्यानं पाइपाचा वास घेतला, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "आबा, ऑइल कोण लावत होतं ह्याला?"

मी म्हणालो, "मीच."

"पाइप जुना होता हे खरं. पण तुम्ही त्याला तेल पाजून पाजून फुगवला."

मी त्याच्याशी वाद घातला. कारण तेल लावल्यानं वस्तू टिकते, हे मी जन्मापासून बघत आलोय. लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. मोटेचं कातडं वाळलं की तडकायचं, म्हणून वडील त्याला तेल चोळायचे. पायातल्या वहाणेला तेल, बैलगाडीच्या आसाला वंगण, पहाराला गंज चढू नये म्हणून तेल. कातडं, लाकूड, लोखंड, तिन्हींचं औषध एकच. पुढं विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन आलं. ते सगळं बिडाचं धूड. त्याला जळक्या ऑइलचा बोळा फिरवला की गंज धरत नसे आणि दिसायलाही झोकदार. त्यात रबर असं कितीसं असणार?

फिटरचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते, बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या रुळांच्या काळातले. १८९७ साली सुरू झालेली ती गाडी आता राहिली नाही. रूळ रुंद झाले, कुर्डुवाडी–पंढरपूरकडचे आधी आणि लातूरकडचे नंतर. तो म्हणाला, "माझा बाप वाफेची इंजिनं तेलाच्या बोळ्यानंच पुसायचा. लोखंड आणि पितळ होतं, चालून गेलं. तुमच्या मोटारीचं बॉनेट उघडून बघा. लोखंड दिसतंय का कुठं? वर प्लास्टिक, बाजूला रबर, मधून वायरी. हात तुमचा जुना आणि इंजिन नवं, गोंधळ तिथं झाला."

ही गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. आपल्या हाताला जी सवय लागली ती कातड्यावर आणि बिडावर लागली. रबर दिसतं कातड्यासारखं काळं नि मऊ, म्हणून आपण त्याला कातड्याचंच औषध देतो. पण कातडं तेल पितं आणि टिकतं, रबर तेल पितं आणि सुजतं. त्यातही गंमत अशी की सगळी रबरं सारखी नसतात. डिझेल वाहून नेणारा पाइप वेगळ्या रबराचा असतो, तो तेलाला दाद देत नाही. रेडिएटरचा होज बहुतेक करून ईपीडीएम नावाच्या रबराचा असतो. त्याला उकळतं पाणी, वाफ, उन्हाळा काही करत नाही, पण डिझेल, रॉकेल, ऑइल लागलं की तो फुगतो, मऊ पडतो. दोन्ही पाइप काळेच. वरून बघून तुम्हाआम्हाला ओळखू येत नाही.

घरी येऊन मी हे मंडळींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे मला विचारायचं होतं. कुकरची रिंग वरणाच्या तेलकट वाफेत राहून सैल पडते, म्हणून मी ती रोज साबणानं धुते आणि गार पाण्यात टाकते. तुम्हाला वाटतं मी उगाच पाणी सांडते." पस्तीस वर्षं कुकर त्यांच्या हातात आहे. मी एकदाही विचारलं नव्हतं.

पण नुसतं ऐकून मी गप्प बसणारा नव्हे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन सारखे तुकडे कापले, एकाएका बोटाएवढे. दोन काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत पाणी, एकीत डिझेल. बुचं घट्ट लावून चुलीपासून लांब, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा कोनाड्यात ठेवल्या. आठ दिवसांनी काढून शेजारी शेजारी ठेवले. पाण्यातला होता तसाच. डिझेलमधला लांबीरुंदीनं डोळ्यांना दिसेल इतका वाढलेला, आणि ओढला तर लेचापेचा. तुम्हीही करून बघा. खर्च काही नाही.

आता प्रश्न उरला, मग इंजिनाला लावायचं काय? की काहीच लावायचं नाही?

फिटरचं म्हणणं, काही नाही लावलं तरी गाडी चालते. ओल्या फडक्यानं पुसत राहा. माझंही आता जवळजवळ तेच मत आहे. पण माणसाला सणासुदीला वस्तू उजळावी वाटते, ते काही वाईट नाही. आणि प्लास्टिक, रबर यांवर धूळ बसून ती पांढुरकी पडतात, त्यावर एखादा चांगला हात बसला तर पुढची धूळ सहज निघते, हाही फायदा आहे. थोरल्यानं दुकानातून दोन बाटल्या आणल्या. दुकानदार दोन्हींना पॉलिशच म्हणाला, बाटलीवर ड्रेसिंग असं छापलेलं. एकीतलं पाण्यासारखं स्वच्छ पण तेलकट, दुसरीतलं दुधासारखं पांढरं.

दोन्हींत मुख्य माल सिलिकॉनच. मूळ वाळूतला पदार्थ, त्याचं कारखान्यात तेल करतात. गाडीच्या नेहमीच्या रबरांना ते सहसा फुगवत नाही, हा त्याचा मोठा गुण. फरक आहे तो ते कशात कालवलंय त्याचा. स्वच्छ तेलकट बाटलीत ते रॉकेलच्या जातीच्या पातळ द्रवात कालवलेलं असतं. पांढऱ्या बाटलीत ते पाण्यात फेटलेलं असतं, ताकात लोणी फेटावं तसं, म्हणून ते दुधाळ दिसतं. ओळखायची खूण सोपी. बाटलीवर पेटत्या ज्वाळेचं चित्र आहे का बघा, आणि बूच उघडून हलकाच वास घ्या. रॉकेलसारखा वास आला, ज्वाळा दिसली, की ती पहिल्या जातीची. दोन थेंब पाण्यात टाका. पाणी दुधाळ होऊन सगळं मिसळलं, तर ती दुसरी.

आम्ही इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण मधोमध वाटून घेतलं. डाव्या अर्ध्यावर एक, उजव्या अर्ध्यावर दुसरं. लावल्या दिवशी तेलकट बाजू जिंकली. काय झळाळी! पांढऱ्या बाटलीची बाजू नव्या प्लास्टिकसारखी, साधीच दिसत होती. थोरला म्हणाला, "आबा, हीच घेऊ, डावीकडची." मी म्हणालो, "थांब, मळणी होऊ दे."

ज्वारीची मळणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. भुसा, कूस आणि काळ्या मातीची धूळ, माणसाच्या अंगाची आग आग होते. त्यात उसाच्या गाड्यांनी उडवलेला रस्त्याचा फुफाटा. पंधरा दिवसांनी बॉनेट उघडलं तर डावीकडं धुळीचा लेप बसलेला, ओल्या हाताला भाकरीचं पीठ चिकटावं तसा. तो पुसता पुसेना, नुसता इकडून तिकडं सरकायचा. उजवीकडं धूळ होती, पण कोरड्या फडक्याच्या एका फटक्यात निघाली. आमच्या घरात निकाल तिथंच लागला. पावसात तेलकट हात जास्त टिकतो, हे मी कबूल करतो. कोकणातला कुणी वेगळं सांगेल. आमच्या सोलापूर जिल्ह्यात पावसापेक्षा धुळीचा मुक्काम मोठा. शिवाय तापलेल्या इंजिनाशेजारी पेट घेणारी वस्तू नकोच.

बाटलीवर असंही छापलेलं असतं की हे उन्हापासून राखण करतं. टायरवर, बाहेरच्या पट्ट्यांवर त्याचा उपयोग असेलही. पण बॉनेट बंद असताना आत ऊन येतंच कुठून? आतले वैरी दोनच, उष्णता आणि सांडलेलं तेल. उष्णतेवर कुठल्याही बाटलीत औषध नाही, आणि तडकलेला पाइप कुठल्याही पॉलिशनं सांधत नाही. चकाकी आणून तो उलट लपतो मात्र. हे मला महत्त्वाचं वाटतं. तेल चोळलेल्या इंजिनावर कुठून ऑइल पाझरतंय, कुठं कूलंटचा ओघळ आलाय, काही कळत नाही, सगळीकडंच ओलं दिसतं. आमचा होज फुटण्याआधी नक्कीच पाझरला असणार. मी तो ओघळ स्वतःच्या हातानं पुसून वर ऑइल लावलं असणार.

आता आमच्या घरी कसं करतात ते सांगतो. इंजिन पुरतं गार असताना, सकाळच्या पहरी. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं तर ते तडकायची भीती असते. आधी हवेनं किंवा मऊ ब्रशनं कोरडी धूळ काढायची. हवा आत ओढणाऱ्या फिल्टरचं तोंड, डायनामो, फ्यूजचा डबा आणि गाडीत कॉम्प्युटरची पेटी असेल तर ती, यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. धुलाईवाल्याचा जोराचा फवारा आत मारू द्यायचा नाही. वायरींच्या जोडांत पाणी शिरतं आणि गाडी आठ दिवसांनी कुठंतरी रुसून बसते. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं घ्यायचं आणि पुसायचं, मग साध्या पाण्याच्या फडक्यानं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भारी, वाळलं की पांढरे डाग पडतात, म्हणून लगेच कोरडं करायचं. ग्रीसचा घट्ट थर बसलाच असेल तर डिझेलचा ब्रश फक्त लोखंडावर, रबराला लागू न देता, आणि नंतर साबणानं तोही धुऊन टाकायचा. पिशव्या काढून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं की आतली ओल जाते.

मग इंजिन बंद करून, गार झाल्यावर पांढरं पॉलिश. ते फडक्यावर घ्यायचं, इंजिनावर उडवायचं नाही. प्लास्टिकची झाकणं आणि रबराचे पाइप यांवर पातळ हात, पाच मिनिटं थांबून दुसऱ्या कोरड्या फडक्यानं जादा झालेलं टिपून घ्यायचं. फॅनच्या बेल्टला आणि त्याच्या चाकांना मुळीच नाही. बेल्ट घसरला की डायनामोही गेला, आणि ज्या गाडीत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो तिथं पंपही गेला. धूर जाणाऱ्या तापत्या नळीला नाही. हात महिना दोन महिने टिकतो, आम्हाला तेवढा पुरतो.

बॅटरीचं वेगळं. तिच्या खुंट्यांवर पांढरीहिरवी बुरशी धरते, ती ॲसिडची. आधी ऋण बाजूची वायर सोडायची, मग धनाची. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशनं लावायचा, बुडबुडे थांबले की पुसून घ्यायचं. बॅटरीच्या बुचांतून सोडा आत जाऊ द्यायचा नाही. वायरी घट्ट आवळून, धन आधी आणि ऋण शेवटी, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. इथं मात्र जुनी तेलाची सवय कामाला येते.

आणि पुसता पुसता होज दाबून बघायचा, दोन्ही टोकांना, क्लिपजवळ. गार असताना तो भरीव पण लवचिक लागला पाहिजे. मऊ लेंडा लागला, फुगीर दिसला किंवा दाबताना करकरला, तर सणाची वाट न बघता बदलायचा. ट्रॅक्टरलाही हेच. फक्त त्याच्या रेडिएटरची जाळी भुशानं भरलेली असते, ती इंजिनाच्या बाजूनं बाहेर हवा मारून मोकळी करायची, समोरून मारली तर भुसा आणखी आत जातो.

मंडळी म्हणतात, मी एका पाइपापायी सगळ्या गावाला शाळा लावली. असेल. त्या दुपारी बाभळीखाली चादर त्यांनी धरली होती, त्यामुळं त्यांना बोलायचा हक्क आहे.

नात आता शाळेत जाते. ट्यूबच्या तुकड्यांच्या बाटल्या अजून कोनाड्यात आहेत, दरवर्षी डिझेल बदलून नवा तुकडा टाकतो. गेल्या खंडेनवमीला शेजारचा पोरगा हातात डिझेलचा डबा घेऊन, "आबा, ब्रश द्या जरा," म्हणत आला. मी काही बोलायच्या आत नातीनं स्टूल ओढलं आणि, "आबा, बाटल्या काढा," म्हणाली. मी दोन्ही तुकडे काढून तिच्यासमोर फरशीवर ठेवले. पोरगा बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग डबा तिथंच ठेवून त्यानं विचारलं, "ते पांढरं पॉलिश थोडं उरलंय का?"